पटाबरोबर रस्ताही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कमी पटाच्या शाळा बंद कराव्यात, चार वाड्यांची मुलं एका मोठ्या शाळेत आणावीत, असं सांगणारी पत्रं गेले काही दिवस आपल्या अंकात वाचते आहे. मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात राहते. इथल्याच एका अनुदानित हायस्कुलात लिपिक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. वर्गावर मी कधी शिकवलं नाही, पण नाव घालायला आलेलं प्रत्येक मूल आणि दाखला न्यायला आलेला प्रत्येक बाप माझ्या टेबलासमोर उभा राहिला आहे. त्या टेबलावरून जे दिसलं ते कुणीतरी मांडायला हवं, म्हणून लिहिते. पत्र लांबलं आहे, जमेल तसं छापावं.

आधी एक गोष्ट सरळ सांगते. लहान शाळा आहे तशीच राहावी असा माझा हट्ट नाही. नववी-दहावी मिळून पंचवीस मुलं उरली की शाळेचं काय होतं ते मी पाहिलं आहे. गणिताचे सर निवृत्त होतात, पद भरलं जात नाही. मग भूगोलाच्या बाई गणित घेतात, मन लावून घेतात, पण भूमितीचं प्रमेय फळ्यावर अडलं की ते बाईंनाही कळतं आणि मुलांनाही. प्रयोगशाळेच्या कपाटातल्या बाटल्यांची लेबलं वाळवी खाते. खो-खोचा संघ करायला पुऱ्या मुली मिळत नाहीत. अशा शाळेतून मूल दहावी पास होतं, आणि अकरावी सायन्सला गेलं की पहिल्याच चाचणीत गांगरतं. तेव्हा दहा किलोमीटरवर चांगली शाळा असेल आणि मूल तिथे रोज जाऊन रोज उजेडात घरी येत असेल, तर त्याने तिथेच शिकावं. माझी काळजी त्या जाण्यायेण्याची आहे, आणि ती वाहायला सरकारदरबारी कुणी नेमलेलं नाही.

आपल्याकडे शाळेचं नशीब ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं. त्या दिवशीचा आकडा संचमान्यतेत जातो आणि संचमान्यतेवर शिक्षकांची पदं टिकतात किंवा जातात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष आणखी कडक केले. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली आला की त्या वर्गांना नियमित शिक्षकाचं पद मिळेनासं झालं. त्याच्या आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले. वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळा राज्यात असल्याचं तेव्हा शिक्षण विभागानेच सांगितलं, आणि नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ यांची नावं पुढे केली. डोंगर, व्हाळ (ओढे) आणि विखुरलेल्या वाड्यांच्या आमच्या मुलखाला ही चर्चा परक्या गावची वाटत नाही.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ऑफिसात कसा जायचा ते सांगते. वर्गात बसलेली सगळी मुलं पटात धरली जात नाहीत. पोर्टलवर ज्यांचं आधार जुळलं तीच धरली जातात. एखाद्या मुलीच्या आधारवरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त असतं. एखाद्याची जन्मतारीख जनरल रजिस्टरला जूनची आणि आधारला १ जानेवारीची. ती मुलगी रोज पहिल्या बाकावर बसते, हजेरीत तिच्या नावापुढे एक खाडा नाही, आणि संगणकाच्या हिशेबी ती शाळेत नाहीच. दुरुस्तीसाठी तिच्या बापाने एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जायचं, तिथे नेट नसलं तर पुन्हा दुसरी बुडवायची. अशा दोन-तीन मुलांपायी एक पद जातं. शिक्षक अतिरिक्त ठरतो, समायोजनात जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. पुढच्या जूनमध्ये पालक विचारतात, बाई, तुमच्याकडे सायन्सला सरच नाहीत तर नाव कशाला घालायचं? पट आणखी उतरतो. आणि वर जाणाऱ्या कागदावर एवढंच दिसतं की या गावात मुलं नाहीत.

मुलं कमी झाली आहेत हे खरंच आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या जवळपास पाच टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गची दोन टक्क्यांनी. तरणी माणसं मुंबईला गेली, आता पुण्याला आणि गोव्याला जातात. पण ही हायस्कुलं उभी राहिली तीसुद्धा त्याच गेलेल्या माणसांच्या पैशावर. आमच्या शाळेच्या दारात संगमरवरी पाटी आहे. त्यावर देणगीदारांची नावं आणि नावापुढे आकडे: कुणाचे ५१ रुपये, कुणाचे १०१. ही सगळी गिरणीत साचे चालवणारी, गोदीत ओझी वाहणारी, लालबाग-परळच्या खोल्यांत दाटीने राहणारी माणसं. १९८२ च्या संपाने त्यातल्या कितीतरी घरांच्या मनिऑर्डरी कायमच्या बंद झाल्या, पण शाळा टिकल्या. सरकारने पुढे अनुदान दिलं, पगार दिले, ते मोठंच काम आहे. तरी माध्यमिक शाळा कुठे असावी हे कोकणात बहुतेक ठिकाणी गावकऱ्यांनी आणि मुंबईकर मंडळींनी ठरवलं. आता ती कुठे नसावी हे ठरताना त्यांना कुणी विचारत नाही.

कायद्याचंही सांगते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असं त्याच्या नियमांत बांधून दिलं आहे. पण वयाच्या चौदाव्या वर्षी, आठवीला, कायद्याचा हात सुटतो. नववीची शाळा किती लांब असावी, मूल तिथवर कसं जाईल, याचं बंधन कुणावर नाही. आणि मुलींच्या घरातलं बोलणं नेमकं त्याच वर्षी बदलतं. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली आजी नातीचा दाखला न्यायला आली होती. मुलगी हुशार, आठवीत दुसरी आलेली. मी म्हटलं, आजी, नववीला पाठवा तिला. ती म्हणाली, "आठवीपर्यंत शिकलां, पुरे झालां. सांजेची गाडी चुकली तर चेडवाक हाडूक कोण जातलो?" म्हणजे, पोरीला आणायला कोण जाणार? मला उत्तर देता आलं नाही. तिचा मुलगा गोव्यात कामाला, सून बागायतीत मजुरीला, घरात दुसरं माणूस नाही. दाखल्यावर "शाळा सोडण्याचे कारण" असा रकाना असतो. तिथे "पालकांच्या इच्छेनुसार" लिहायची पद्धत आहे, तेच लिहिलं गेलं. एसटी नाही म्हणून शाळा सोडली, असं कारण घातलेला दाखला मी सबंध नोकरीत पाहिला नाही.

एसटीने मुलींसाठी खूप केलं आहे, ते विसरून चालणार नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींचा पास फुकट आहे, मुलांना एक तृतीयांश पैशात मिळतो. पण पास हातात असून गाडी नसेल तर त्याचं काय करायचं? वस्तीची गाडी भल्या पहाटे निघून जाते, शाळा भरते साडेदहाला. शाळा पाचला सुटते, परतीची फेरी अंधार पडल्यावर. पावसात मोरी खचली की फेरी रद्द, चालक कमी पडले की फेरी रद्द, लग्नसराईत आणि गणपतीत गाड्या जादा फेऱ्यांना लागल्या की गावची फेरी रद्द. २०२१ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. कर्मचाऱ्यांचं दुःख खरं होतं. पण त्या काळात ज्या मुली घरी बसल्या, त्यांतल्या काहींनी शाळेचं तोंड पुन्हा पाहिलं नाही, आणि त्यांची गणती कुठल्याही अहवालात झालेली माझ्या वाचनात नाही.

आणखी एक गोष्ट मुंबई-पुण्याच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. २००२ पासून कर्नाटकातून उतरलेले रानटी हत्ती आमच्या तालुक्यात फिरतात. केळी, माड, भात यांचं नुकसान बातम्यांत येतं. हत्ती वाडीजवळ असल्याचा निरोप फिरला की त्या दिवशी पालक मुलांना घाटीतून चालत पाठवत नाहीत, हे बातमीत येत नाही. नकाशावर दोन वाड्यांमधलं अंतर साडेतीन किलोमीटर दिसतं. त्यात एक साकव (ओढ्यावरचा लहान पूल) आहे, एक व्हाळ आहे जो जुलैत कमरेपर्यंत वाहतो, आणि काजूच्या बागांमधून जाणारी निर्मनुष्य वाट आहे.

निकालाच्या दिवशी आम्हाला सगळा महाराष्ट्र शाबासकी देतो. कोकण मंडळ वेगळं झाल्यापासून दहावीच्या निकालात आमचा विभाग राज्यात पहिला. २०२५ ला ९८.८२ टक्के, राज्याचा निकाल ९४.१० टक्के. मला त्याचा अभिमान आहे, त्या निकालपत्रांवर शिक्के मारलेले हात माझे आहेत. पण ती टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. आठवीनंतर घरी राहिलेली त्या आजीची नात ना त्या ९८ मध्ये आहे, ना उरलेल्या एक-सव्वामध्ये.

आता जे मला प्रामुख्याने सांगायचं आहे त्याकडे येते. माझी भाची नर्स आहे, अमेरिकेत डेलावेअर राज्यात डेल्मार नावाच्या गावी राहते. तिची मुलं सांभाळायला मी काही महिने तिच्याकडे होते. डेलावेअर हे अगदी छोटं राज्य. आपला सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटर, त्या राज्याची जमीनही साधारण तेवढीच, पाच हजारांच्या आसपास. २०२० च्या गणनेत तिथली माणसं ९ लाख ८९ हजार, सिंधुदुर्गची २०११ ला साडेआठ लाख. आपल्या एका जिल्ह्याएवढं राज्य, त्यात तीन काउंट्या. आणि शाळा चालवायला एकोणीस स्वतंत्र विभाग, ज्यांना तिथे स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. त्यातले तीन तंत्रशिक्षणाचे, प्रत्येक काउंटीला एक. उरलेल्या सोळांचा कारभार त्या त्या भागातल्या लोकांनी निवडून दिलेलं मंडळ बघतं. मे महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी त्याची निवडणूक होते. शाळांसाठी मालमत्ता कर वाढवायचा झाला तर लोकांचा कौल घ्यावा लागतो. लोक नाही म्हणाले तर मंडळाला खर्च कापावा लागतो, पदंही जातात.

राज्य सरकारचा पैसा तिथेही ३० सप्टेंबरच्या पटावर मिळतो. तारीखसुद्धा तीच, हे ऐकून मी भाचीला दोनदा विचारलं. तिथेही छोटे विभाग एकत्र केले गेले. १९६८ च्या कायद्याने कितीतरी लहान विभाग मोडून सव्वीस केले, आणि पुढे त्यातही बदल झाले. म्हणजे पट मोजणं आणि शाळा एकत्र करणं या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. फरक गाडीचा आहे. सातवी ते बारावीच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांच्या, म्हणजे साधारण सव्वातीन किलोमीटरच्या पलीकडे असेल तर त्याला न्यायची-आणायची जबाबदारी सरकारी खर्चाने उचललेली आहे. लहान मुलांसाठी हे अंतर एकच मैल. सकाळी मी नातवाबरोबर कोपऱ्यावर उभी राहायचे. पिवळी गाडी आली की तिचे लाल दिवे लागायचे, बाजूने थांबण्याची पाटी बाहेर यायची, आणि पुढची-मागची सगळी वाहनं जागेवर उभी. मोठे ट्रकसुद्धा. सहा वर्षांचं पोर दप्तर सावरत रस्ता ओलांडून पायरी चढेपर्यंत कुणी हलत नसे. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या फाट्यावर पावसात उभ्या राहणाऱ्या मुली आल्या.

ही गाडी तिथेही सगळ्यांना सहज मिळालेली नाही. ती गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९२० च्या दशकात पिएर ड्यू पाँट या उद्योगपतीने स्वतःच्या पैशातून डेलावेअरमध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी ऐंशीहून अधिक शाळा बांधून दिल्या. त्यातली एक हॉकेसिन या गावात. पुढे १९५० च्या सुमाराला सेरा बुला या बाईंची मुलगी शर्ली त्या शाळेत जात असे. गोऱ्या मुलांची सरकारी गाडी त्यांच्या घरावरून जायची, पण ती शर्लीसाठी थांबत नसे. आई रोज स्वतः गाडी चालवून तिला पोचवायची. तिने अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली, माझ्या मुलीला गाडी द्या एवढंच मागितलं. नकार आला. मग ती लुई रेडिंग या वकिलांकडे गेली. ते म्हणाले, वेगळ्या शाळेसाठीच्या वेगळ्या गाडीसाठी मी लढणार नाही, लढायचं तर एकाच शाळेतल्या प्रवेशासाठी लढू. तिच्या खटल्याबरोबर क्लेमाँट गावच्या मुलांचाही खटला होता. घराजवळ हायस्कूल असताना त्यांना विल्मिंग्टन शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या हायस्कुलापर्यंत जावं लागत होतं. १९५२ मध्ये न्यायाधीश कॉलिन्स साइट्झ यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला, आणि १९५४ च्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या निकालाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला, त्यात हा खटलाही होता. इमारत बांधून दिलेली होती, शिक्षक होते, फक्त गाडी नव्हती. एका आईने तिथून सुरुवात केली.

तिथे सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. विल्मिंग्टन शहरातली मुलं चार वेगवेगळ्या विभागांत वाटली गेली आहेत. एका विभागाचे तर दोन तुकडे आहेत, मध्ये दुसऱ्यांची हद्द. १९७८ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने उत्तरेकडचे अकरा विभाग एक केले, १९८१ मध्ये त्याचे चार केले, त्याची ओढाताण अजून चालू आहे. श्रीमंत वस्तीची शाळा आणि गरीब वस्तीची शाळा यांतला फरक मला बाहेरूनही दिसत होता. पण कुठल्याही शाळेबद्दल तक्रार असली तर कुणाच्या दारात जायचं हे तिथल्या आईबापांना ठाऊक असतं.

भाचीबरोबर मी तिथल्या शाळा मंडळाच्या सभेला गेले होते. सभा संध्याकाळी, म्हणजे कामावरून सुटल्यावर लोकांना जाता येईल अशा वेळी. विषयपत्रिका आधीच जाहीर झालेली. मंडळाचे सभासद समोर बसलेले, आणि नाव नोंदवून कुणीही उठून थोडा वेळ बोलू शकतं. एक बाप गाडीच्या थांब्याबद्दल बोलला. थांबा वळणावर आहे, समोरून येणाऱ्याला मुलं दिसत नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. ते लिहून घेतलं गेलं. थांबा पुढे हलला की नाही ते मला माहीत नाही, पण ज्यांनी ठरवायचं ते पाच-सहा हातांवर समोर बसले होते आणि त्यांची मुलं त्याच शाळेत होती.

आपल्याकडे हे दार कुठलं? प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे, त्यांचे शिक्षणाधिकारी वेगळे. हायस्कूल खासगी संस्थेचं, त्यासाठी माध्यमिकचे शिक्षणाधिकारी वेगळे. पद मंजूर करणारे आणखी वर. गाडी एसटी महामंडळाची, त्यांचा विभाग नियंत्रक वेगळा. रस्ता आणि साकव आणखी तिसऱ्यांचे. आठवीतून नववीत जाताना मूल या सगळ्यांच्या मधल्या फटीतून जातं. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, कायद्यानेच तीन चतुर्थांश, पण पद कमी करायचं की शाळा जोडायची या निर्णयात त्या समितीला शब्द नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत निदान आपल्या गटाचा सदस्य बसतो, त्याला बाजारात गाठता येतं. पण मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं परिषदेचा कारभार प्रशासकांकडेच राहिला. समूह शाळा आणि नव्या संचमान्यतेचे विषय नेमके त्याच काळात आले.

डेल्मारचीच आणखी एक गोष्ट आमच्या तालुक्यासाठी सांगायलाच हवी. ते गाव दोन राज्यांच्या सीमेवर वसलं आहे. मधल्या रस्त्याच्या एका बाजूला डेलावेअर, दुसऱ्या बाजूला मेरीलँड. दोन्ही बाजूंची लहान मुलं मेरीलँडमधल्या प्राथमिक शाळेत जातात, आणि मोठी झाली की दोन्ही बाजूंची डेलावेअरमधल्या हायस्कुलात. राज्यं वेगळी, त्यांचे कायदे आणि परीक्षा वेगळ्या, तरी गावाने आणि दोन्ही सरकारांनी मिळून ठरवलं की इथे मुलांपुरती सीमा आड येणार नाही. भाचीचा धाकटा रोज राज्य ओलांडून शाळेत जायचा आणि थोरला घराच्याच बाजूच्या राज्यात.

आमचा दोडामार्गही सीमेवरच. नाका ओलांडला की गोवा. आमची माणसं नोकरीला म्हापशाला, डिचोलीला जातात, दुखलंखुपलं की बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. तिळारी धरणासाठी १९९० मध्ये महाराष्ट्र आणि गोवा या दोन सरकारांनी करार केला, खर्च आणि पाणी वाटून घेतलं, आमची गावं त्या धरणासाठी उठली, आणि कालव्याने गोव्याला पाणी जातं. पाण्यासाठी दोन सरकारं एका टेबलावर बसू शकली, तर सीमेलगतच्या पाच-दहा गावांतल्या नववी-दहावीच्या मुलांसाठीही बसू शकतील. गोव्यात अनुदानित शाळांना सरकारने बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणाऱ्या गाड्या, दिले आहेत, चालक आणि इंधनाचा खर्च सरकार देतं. सीमेपलीकडच्या गावात बालरथ मुलांना घेऊन जाताना आमच्या फाट्यावरून दिसतो. मराठी माध्यम, वेगळं बोर्ड, दाखले, शिष्यवृत्ती हे प्रश्न येतील, ते मला माझ्या कामामुळे चांगले माहीत आहेत. ते सुटण्यासारखे आहेत. गाडी वाटून घेणं तर त्याहून सोपं आहे.

जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींकडे आणि शिक्षण विभागाकडे माझं मागणं थोडंच आहे. कुठलीही शाळा जोडण्याआधी आठवीच्या पुढच्या मुलांसाठी गाडीची हमी लेखी द्यावी, तिचं वेळापत्रक शाळेच्या घंटेला बांधलेलं असावं, आणि फेरी रद्द झाली तर पर्याय कोण देणार त्याचं नाव त्यात असावं. दोन पदं कमी करून जो पगार वाचतो, त्यात एक लहान गाडी आणि चालक बसतो का, हा हिशेब लोकांसमोर मांडावा. अंतर नकाशावर मोजू नये. जुलैत, पावसात, पालकांना बरोबर घेऊन ती वाट चालावी. वर्गात रोज हजर असलेलं मूल आधारच्या एका अक्षरासाठी पटातून वगळू नये, हजेरीपट आणि मुख्याध्यापकांची सही पुरेशी मानावी. आणि निर्णयाआधी तालुक्यात खुली सुनावणी घ्यावी, जिला प्राथमिक आणि माध्यमिक दोन्ही विभागांचे अधिकारी, एसटीचे अधिकारी आणि संस्थांचे पदाधिकारी एकाच दिवशी हजर असतील. शिक्षण धोरण २०२० मध्ये पाच ते दहा किलोमीटरच्या टापूतल्या शाळा एका माध्यमिक शाळेभोवती बांधायची शाळा संकुलांची कल्पना आहे, कोठारी आयोगानेही ती साठच्या दशकात मांडली होती. ती कोकणात राबवायची तर त्या संकुलाला निवडून आलेलं पालकांचं मंडळ आणि स्वतःची गाडी द्या. मग चार शाळा एक करायला गावं स्वतः पुढे येतील, असं मला मनापासून वाटतं.

त्या सुनावणीच्या आधी एक काम मात्र तातडीने व्हावं. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर आहे. गेल्या दहा वर्षांत आठवीनंतर किती मुलींचे दाखले गेले आणि त्यातल्या किती जणींची नावं पुढच्या कुठल्यातरी शाळेत लागली, ही मोजणी कुठलाही लिपिक दोन-तीन दिवसांत करून देईल. ती वाडीवार मागवावी आणि एसटीच्या फेऱ्यांच्या तक्त्याशेजारी ठेवावी. आमच्या तालुक्यात या कामाला माणूस कमी पडला तर मी येऊन बसायला तयार आहे.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शाळा लिपिक,
ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग